शून्याचं कार्ड

"पाणी बघत बसतोय, पण पिईना झालाय," असं म्हणत गाजूल बाईंनी टोपली टेबलावर ठेवली.

टोपलीत शून्या होता. चार महिन्यांचा पर्शियन बोका. पांढरा, चपट्या नाकाचा आणि एरवी इतका गोल, की बाईंनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव शून्य ठेवलं. गल्लीनं त्याचा शून्या केला. बाई पस्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या. सोलापूरच्या पूर्वभागात दोन खोल्यांचं घर. त्या घरात त्या आणि महिनाभरापासून हा.

डॉक्टर उपळाईकरांनी शून्याची जीभ बघितली, पोट दाबलं. "काल काय खाल्लं होतं?"

"नेहमीचंच. दुपारी थोडी उकडलेली कोंबडी दिली."

"मग तेच. अपचन आहे बाई. कार्ड बघू."

बाईंनी पिशवीतून फाइल काढली. लसीचं कार्ड, त्यामागं मांजरं विकणाऱ्या हुमनाबादेचा वंशावळीचा कागद, त्यामागं विम्याची पॉलिसी. सगळं प्लॅस्टिकच्या कव्हरात, क्रमानं. मांजराचा विमा काढला म्हणून जुन्या शाळेतल्या मास्तरणी त्यांना हसल्या होत्या. स्वतःचा कधी काढला नाहीस आणि मांजराचा काढतेस? बाईंनी त्यांना सांगितलेलं, "माझ्यामागं रडायला कुणी नाही. त्याच्यामागं मी आहे."

डॉक्टर साहेबांनी कार्ड उलटसुलट केलं. "दोन्ही डोस झालेत. मोठं काही असायचा प्रश्नच नाही. इंजेक्शन देतो, संध्याकाळपर्यंत उड्या मारेल."

बाईंनी साहेबांकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघितलं. "सिद्राम, लस तूच दिली होतीस ना?"

"मीच, बाई. दोन्ही वेळा."

"मग झालं," त्या म्हणाल्या.

त्या 'मग झालं'वर मी जगत होतो. मी दहावी नापास. साहेबांकडं अकरा वर्षं. लग्नाआधी म्हशी धरायला म्हणून लागलो, मग शेळ्या, मग शहरात कुत्री-मांजरं आली तशी कुत्री-मांजरं. कायद्यानं मला सुई धरायचा अधिकार नव्हता, पण पूर्वभागात कुणालाही विचारा, सिद्राम म्हेत्रेचा हात हलका आहे म्हणून सांगायचे. साहेब चारचौघांत म्हणायचे, "सही माझी, हात सिद्रामचा." ते ऐकून मी फुगायचो. त्या वाक्याचा दुसरा अर्थ मला तेव्हा कळायला हवा होता. नाही कळला. गाढव होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखाना उघडायच्या आधीच बाई पायरीवर बसलेल्या. शून्या रात्रीत निम्मा झाला होता. पिवळं, फेसाळ ओकत होता. मी वाटीत पाणी घेऊन त्याच्यापुढं ठेवलं. तो सरकत आला, वाटीच्या काठावर हनुवटी टेकली, आणि तसाच बसला. पाणी नाकाला लागतंय, तहान लागलीय हे दिसतंय, पण जीभ बाहेर येईना.

हे मी आधी पाहिलं होतं. रस्त्यावरच्या पिल्लांत, कुणी पोत्यात घालून आणलेल्या. लस न दिलेल्या.

साहेबांना मी आतल्या खोलीत गाठलं. "साहेब, हा मांजराचा पार्वो वाटतोय."

"लस झालेल्या पिल्लाला कुठला पार्वो बे?"

"पाण्यावर मान टाकून बसलाय. तपासून बघू की. पट्टी आहे कपाटात."

"पट्टी काय फुकट येते? बाईंना उगीच घाबरवू नको. सलाइन लाव, उलटीचं दे." आणि मग थोडं हसून, "डॉक्टर झालास काय बे आता?"

मी सलाइन लावलं. बाई टेबलाजवळ उभ्या राहून त्याचा पुढचा पाय धरून होत्या. सुईभोवतीचे केस मी काढले, तर त्या म्हणाल्या, "एवढे नको काढूस. वाढायला वेळ लागतो." म्हणजे तो जगणार, केस वाढणार, एवढं त्यांनी धरूनच चाललं होतं.

"वाचव रे याला," त्या हळूच म्हणाल्या. "तुझ्या हातात आहे."

दुपारी साहेब जेवायला घरी गेले. बाईंना मी जबरदस्तीनं समोरच्या टपरीवर चहाला पाठवलं. कपाटातून पट्टी काढली, शून्याची शी कापसावर घेतली, औषधात ढवळलं, तीन थेंब टाकले. एक रेघ आली. थांबलो. मग दुसरी आली, ठळक, पेनानं मारल्यासारखी.

साहेब आले तेव्हा मी पट्टी त्यांच्यापुढं धरली. मला वाटलं, शिव्या देतील. किंवा म्हणतील, अरे बापरे. साहेब दोन्ही म्हणाले नाहीत.

"कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही. बाई चहाला गेल्यात."

"मग ठीक." पट्टी त्यांनी कागदात गुंडाळून बादलीत टाकली. "अँटिबायोटिक वाढव. आणि बाईंना मी सांगतो. तू तोंड उघडू नको."

मी ते ऐकलं. तेव्हा मला वाटलं, डॉक्टर आहेत, बाईंना नीट शब्दांत सांगायचं म्हणत असतील.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला शून्या गेला. अंग एकदम गार पडलं आणि मग पाठ ताणली. बाई रडल्या नाहीत. ज्या टॉवेलवर तो होता तो त्यांनी चारही कोपरे जुळवून घडी करायला घेतला. मग आत काय आहे हे लक्षात आलं तशा थांबल्या.

तेव्हा कुठं साहेबांनी पार्वोचं नाव घेतलं. "लस झाली असताना?" बाईंनी विचारलं.

"शंभरात एखाद्याला लागू पडत नाही, बाई," साहेब म्हणाले. "निसर्ग आहे."

"शंभरात एक," बाई म्हणाल्या. "माझ्याच वाट्याला आला."

मी टोपली घरापर्यंत नेऊन दिली. दारात बाई म्हणाल्या, "तू केलंस ते मी बघितलं, सिद्राम. तुझी काही चूक नाही."

दहा-बारा दिवसांनी बाईंनी विम्याच्या क्लेमचा फॉर्म आणून दिला. अर्धा त्यांनी भरलेला, अर्धा दवाखान्यानं भरायचा. "पैशाचं नाही रे," त्या म्हणाल्या. "पण घेतलाय विमा, तर कागद पूर्ण व्हायला पाहिजे. तो का मेला हे कुणीतरी लिहून द्यायला पाहिजे." साहेबांनी फॉर्म माझ्याकडं सरकवला. असले फॉर्म मीच भरायचो.

एका रकान्यात लिहिलं होतं: लसीचा बॅच नंबर.

लसीच्या बाटलीवर एक स्टिकर असतो. त्यावर अगदी बारीक अक्षरात हा नंबर असतो. बाटली फोडायची, त्यातल्या वडीत पाणी सोडायचं, हलवायचं, सुईत ओढायचं, टोचायचं, स्टिकर सोलून कार्डावर दाबायचा, तारीख घालायची. अकरा वर्षांत मी असे हजारो स्टिकर चिकटवले असतील. एकही वाचला नव्हता. आमच्या धंद्यात कुणीच वाचत नाही. स्टिकर आहे म्हणजे लस आहे, एवढंच.

मी शून्याचं कार्ड उजेडात धरलं आणि पहिल्यांदा नंबर वाचला. शेवटचे आकडे ४७१९. दुसऱ्या डोसच्या स्टिकरवरही तेच. मला ते आकडे ओळखीचे वाटले, आणि मग ओळखीचे का वाटतात तेही आठवलं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये साहेब घरच्यांना घेऊन तिरुपतीला गेले होते. दवाखाना तीन दिवस बंद. मीही सासुरवाडीला. सोलापूरचा एप्रिल, पत्र्याचं छप्पर, आणि नेमका गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळला. मी परत येऊन फ्रीज उघडला तर आतून वाफ आली. बर्फाच्या पिशव्यांचं गरम पाणी झालेलं. मांजरांच्या लसीचा एक अख्खा बॉक्स होता त्यात. ही लस म्हणजे जिवंत वस्तू, ऊन लागलं की मरते, मग ती टोचली काय न टोचली काय. मी बॉक्सवर लाल पेननं 'फेकणे' लिहिलं, कंपनीच्या माणसाला सांगता यावं म्हणून नंबर माझ्या डायरीत उतरवून घेतला, आणि साहेबांना दाखवला.

"बरं केलंस," साहेब म्हणाले होते. "ठेव तिथं. मी टाकतो."

आठवड्यानं त्यांनी माझ्या हातात बर्फाचा थर्मास दिला. आत बाटल्या, बॉक्स नाही. "हुमनाबादेकडं जा. अकरा पिल्लं आहेत." हुमनाबादे गच्चीवरच्या एसीच्या खोलीत पर्शियन मांजरं पाळून विकायचा. मी गेलो. अकरा पिल्लांना टोचलं, अकरा कार्डं भरली. एकवीस दिवसांनी परत गेलो, परत टोचलं. एकही पिल्लू ओरडलं नाही. हुमनाबादे म्हणाला, "काय हात आहे राव तुमचा!"

डायरी माझ्या शर्टाच्या खिशात होती. काढून जुळवलं. ४७१९.

शेवटचा पेशंट गेल्यावर मी डायरी आणि कार्ड साहेबांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं. त्यांनी दोन्ही बघितलं. उठून दार लावलं.

"बस," ते म्हणाले. अकरा वर्षांत त्या खुर्चीवर मला कधी बसवलं नव्हतं. मी बसलो नाही.

"तो बॉक्स टाकतो म्हणाला होता तुम्ही."

"सगळ्या लसी मरत नाहीत बे. काही टिकतात."

"कुठल्या टिकल्या ते कसं कळलं तुम्हाला?"

साहेबांनी चष्मा काढला. "हुमनाबादे फार घासाघीस करत होता. नवी लस त्या भावात बसत नव्हती. ऐक, सिद्राम, मी काय पाणी भरून दिलं नव्हतं. चान्स घेतला."

"माझ्या हातानं घेतला."

"हळू बोल."

"आणि शून्या पाणी पिईना झाला तेव्हा? मी पट्टीचं म्हणालो तेव्हा? तुम्हाला तर माहीत होतं ना त्याला लस लागलेली नाही?"

"पहिल्या दिवशी कळलं असतं तरी वाचलाच असता असं नाही."

"म्हणजे कळलं होतं."

साहेबांनी चष्मा पुसून परत घातला. मग एकदम मऊ आवाजात म्हणाले, "झालं ते झालं. बाईंचं नुकसान नको व्हायला. तू फॉर्म इथं ठेव. मी कंपनीला असं पत्र देतो की ते एकही प्रश्न विचारणार नाहीत. काय घडलं ते सगळं लिहितो. तूच नेऊन दे बाईंना. त्यांचा तुझ्यावर जीव आहे."

साहेबांनी तिथंच इंग्रजीत पत्र लिहून, पाकीट बंद करून माझ्या हातात दिलं. मी काय केलं माहितीय? मी त्यांच्या पाया पडलो. मला वाटलं, माणूस चुकला, पण लिहून देतोय. घरी येऊन बायकोला, महानंदाला, सांगितलं, साहेब शेवटी साहेबच आहेत. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "पत्र वाचलंस काय?"

"इंग्रजीत आहे. बंद पाकिटात."

"मग कशावरून म्हणालास?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाकीट घेऊन बाईंच्या घरी गेलो. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा टाकला. गॅलरीत शून्याची वाटी अजून होती. पाकीट फोडून त्या वाचायला लागल्या. पहिल्या ओळींना मान हलवली. मग मान हलायची थांबली. पहिलं पान त्यांनी दोनदा वाचलं.

"काय लिहिलंय, बाई?"

"तुला माहीत नाही?"

"नाही."

बाई मराठी करून वाचायला लागल्या. वर्गात उदाहरण वाचावं तशा, एकेक शब्द. "माझा मदतनीस सिद्राम म्हेत्रे यानं माझ्या गैरहजेरीत, हुमनाबादे यांच्या घरी जाऊन, पिल्लांना लस टोचली. सदर लस खराब झाल्याचं त्याला माहीत होतं. बॉक्सवर 'फेकणे' हे अक्षर त्याचंच आहे आणि बॅच नंबर त्यानं स्वतःच्या डायरीत नोंदवलेला आहे. मी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून कार्डांवर सही केली."

गॅसवर चहा उतू गेला. बाई उठल्या नाहीत, मीही नाही.

"खरं आहे का हे?"

काय सांगू? मी टोचलं, खरं. साहेब तिथं नव्हते, खरं. बॉक्स खराब झालाय हे मला माहीत होतं, खरं. बॉक्सवर मी लिहिलं, खरं. डायरी माझी, खरं. त्या अख्ख्या पत्रात मी बोट ठेवून हे खोटं म्हणावं असं एकच वाक्य होतं, आणि ते साहेबांच्या सहीबद्दलचं होतं. माझ्याच अक्षरानं, माझ्याच सावधपणानं त्या माणसानं मला बांधून दिलं होतं. आणि पाकीट पोचवायलाही मलाच पाठवलं.

मी बाईंना सगळं सांगितलं. ट्रान्सफॉर्मर, फ्रीज, थर्मास, पट्टी, 'कुणाला सांगितलंस'. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पस्तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्यात मी," त्या म्हणाल्या. "कोण कॉपी करतो ते कळतं. तू खोटं बोलत नाहीस."

"मग कंपनीला तसं लिहाल, बाई?"

"लिहिते. जसं आहे तसं लिहिते."

तिथून खाली उतरलो तो थेट लक्ष्मी मंडईच्या मागच्या कट्ट्यावर बसलो आणि फोन काढला. बाकीच्या दहा पिल्लांच्या मालकांचे नंबर माझ्याकडं होते, पुढच्या डोसची आठवण करायला ठेवलेले. सगळ्यांना एकच सांगितलं. तुमच्या पिल्लाला दिलेली लस मेलेली होती, मीच दिलेली आहे, दुसरीकडं जाऊन नवी द्या. दहाच्या दहा जणांनी एकच काम केलं. उपळाईकर साहेबांना फोन लावला. साहेबांनी त्यांना सांगितलं, त्या माणसाला मी कालच काढलंय, सूड उगवतोय, लक्ष देऊ नका. दोघांनी लक्ष दिलं, पुण्याला जाऊन लस दिली. होटगी रोडच्या एकाचं पिल्लू पुढच्याच आठवड्यात गेलं. त्यानं मला फोन करून आईवरून शिव्या दिल्या. साहेबांना नाही. मला.

मी फोन केले त्याच दिवशी संध्याकाळी दवाखान्याच्या पायरीवर माझे कपडे, चप्पल आणि डबा एका पिशवीत घालून ठेवलेलं होतं.

दीड महिना मी घरी होतो. शेवटी कुंभारीकडच्या एका पोल्ट्रीवर काम मिळत होतं, पण मालक म्हणाला, अनुभवाचा दाखला आण. महानंदा म्हणाली, "अकरा वर्षं काढलीस. दाखला तुझ्या हक्काचा आहे. भीक मागायला चाललास तसं जाऊ नको." म्हणून दवाखान्यात गेलो.

बाकावर गाजूल बाई बसल्या होत्या. मांडीवर टोपली. टोपलीत पर्शियन पिल्लू, करड्या रंगाचं, दोन महिन्यांचं. डोळे मोठे करून ट्यूबलाइट बघत होतं.

मला बघून त्या आधी दचकल्या, मग सरकून जागा केली. मी बसलो.

"हुमनाबादेनं दिलं," त्यांनीच सांगितलं. "बदली म्हणून. मी नको म्हणत होते. पण तो घेऊनच आला दारात."

"क्लेमचं काय झालं, बाई?"

"मंजूर झाला. मालकाची चूक नाही म्हणून."

"मग चूक कुणाची निघाली?"

बाईंनी टोपलीवरचं फडकं सारखं केलं. "त्यांनी मला फॉर्म पाठवला. प्रश्न होता, लस कुणी टोचली हे आपणास माहीत आहे काय? मी लिहिलं, सिद्राम म्हेत्रे यांनी मला स्वतः सांगितलं की त्यांनी टोचली. साहेबांच्या समोर सांगितलं होतंस तू. यात खोटं काय आहे?"

"आणि बॉक्सचं? मी सांगितलेलं सगळं?"

"ते मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही ना, सिद्राम. जे मला माहीत आहे तेवढंच मी लिहिणार."

"तुम्ही म्हणाला होता, मी खोटं बोलत नाही हे तुम्हाला कळतं."

"कळतं." त्या माझ्याकडं बघेनात. "अजून कळतं. पण हे बंद पडले तर या गावात मांजर दाखवायचं कुणाला? बाकीचे सगळे गुरांचे डॉक्टर. पुण्याला न्यायचं का प्रत्येक वेळी, या वयात? तूच सांग."

मला राग यायला हवा होता. आला नाही. तो आला नंतर, आणि अजून गेलेला नाही. सहा वर्षं झाली. त्या वेळी मला फक्त ते करडं पिल्लू दिसत होतं. मी त्याच्या हिरड्या बघायला हात पुढं केला. बाईंनी टोपली थोडी स्वतःकडं ओढली. जाणूनबुजून नसेल. पण ओढली.

मी हात मागं घेतला. "बाई, एक करा. आत गेल्यावर बाटली तुमच्यासमोर फ्रीजमधून काढायला सांगा. फोडायच्या आधी स्टिकर वाचा. नंबर लिहून घ्या. फ्रीज चालू आहे का, हात लावून बघा."

"अरे, डॉक्टरांना असं कसं विचारायचं?" त्या म्हणाल्या. "बरं दिसतं का ते?"

दार उघडलं. साहेब दारात होते. माझ्याकडं त्यांनी बघितलं, जसं बाकाकडं बघावं, पंख्याकडं बघावं.

"या बाई, या. वा, काय गोड आहे! काय नाव ठेवलं याचं?"

बाई हसल्या. टोपली छातीशी धरून उठल्या आणि आत गेल्या. दार पूर्ण लागलं नव्हतं. ते बाहेरून मीच ओढून घेतलं.